मध्यभागी उभे केलेले मूल

जानेवारी २०२१ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातील दिवशी या गावी पाच वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. आरोपी कुणी परमुलखातून आलेला अनोळखी इसम नव्हता. त्या कुटुंबाच्या ओळखीतलाच होता. ही वार्ता जिल्हाभर पसरली तेव्हा नायगावच्या बसस्थानकावर, बाजारात, चहाच्या टपरीवर जो तो एकच वाक्य बोलत होता : 'असल्या नराधमाला भर चौकात फाशी द्यावी.' बोलणाऱ्यांत शेतकरी होते, शिक्षक होते, बाजाराला आलेल्या बायाबापड्या होत्या. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतली माणसेही होती. त्या क्षणी त्या वाक्याला विरोध करावा असे कुणाला वाटले नाही. मलाही वाटले नाही.

बोलणाऱ्यांच्या कडेला मुखेडकडच्या एका वाडीतील वृद्ध बाई गाडीची वाट पाहत बसली होती. तिच्या पदराला धरून सहा-सात वर्षांची नात उभी होती. सर्वांचे बोलणे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, 'देतील की फाशी. पर ती लेकरू गेल्यावरची गोष्ट झाली. हिचे माय-बाप कोयता घेऊन कारखान्याला गेलेत, ते पाडव्याबिगर येत न्हाईत. म्या रोजानं गेले म्हंजी हिला कुणापाशी ठिवू, तेवढं सांगा.'

कुणी उत्तर दिले नाही. गाडी लागली, आजी आणि नात चढल्या, आणि चौकातली चर्चा पुन्हा फाशीकडे वळली.

लहान मुलांवरील अत्याचारांविषयी आपल्याकडे जो वाद चालतो, त्याच्या दोन्ही बाजू त्या दिवशी त्या चौकात हजर होत्या. एक बाजू म्हणते, शिक्षा इतकी कडक करा की पुन्हा कुणाची छाती होऊ नये. दुसरी म्हणते, शिक्षेने काय साधणार? अज्ञान, दारिद्र्य, स्थलांतर, बालविवाह ही मुळे खणून काढा. वर्तमानपत्रांतून, सभांतून या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या जातात. त्या खरोखरच परस्परविरोधी आहेत काय, आणि प्रभू येशूचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण त्यांच्याकडे कसे पाहावे, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

*

प्रथम त्या रागाविषयी. तो राग पाप आहे असे मी म्हणणार नाही. निष्पाप लेकरावर अत्याचार झाल्याचे ऐकूनही ज्याचे रक्त तापत नाही, त्याच्या अंतःकरणाविषयी शंका घ्यावी लागेल. संत थॉमस अक्विनास यांनी न्याय्य दंडशासनाला सद्गुणांच्या मालिकेत स्थान दिले आहे. मात्र एक अट घातली आहे. दंड देणाऱ्याचा हेतू अपराध्याचे वाईट व्हावे हा असता कामा नये. अपराध्याची सुधारणा, इतरांचे रक्षण, समाजातील शांती आणि न्यायाची प्रतिष्ठा यांसाठी दंड द्यावा. म्हणजे प्रश्न शिक्षा असावी की नसावी हा नाही. ती असलीच पाहिजे. ती कोणासाठी द्यावयाची, हा प्रश्न आहे.

आपल्या देशाने या बाबतीत कायदे केले नाहीत असेही नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण 'पोक्सो' म्हणून ओळखतो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला त्याचे संरक्षण आहे. २०१९ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी किमान वीस वर्षांचा कारावास आणि देहदंडापर्यंतची शिक्षा त्यात आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक संमत करून आणखी कठोर तरतुदी सुचवल्या. मात्र ते विधेयक कायदा म्हणून अमलात आले नाही. दिवशीच्या प्रकरणात तर न्यायदानाचा वेगही दिसला. जानेवारीत गुन्हा घडला आणि २३ मार्च २०२१ रोजी भोकरच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. चौकात जे मागितले जात होते, ते न्यायालयाने अवघ्या दोन महिन्यांत दिले.

त्यानंतर काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार आली. त्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्ट रोजी हजारो लोक बदलापूरच्या रेल्वेस्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या अडवून धरल्या. मागणी तीच होती : फाशी. २३ सप्टेंबर रोजी तो आरोपी पोलिसांच्या वाहनातून नेला जात असताना पोलिसाच्या गोळीने मरण पावला, आणि काही ठिकाणी पेढे वाटण्यात आले.

पेढे वाटणाऱ्यांची भावना समजू शकते. पण जरा थांबून विचार करावा. आरोपी मेला, म्हणून त्याच्यावरील खटला चाललाच नाही. त्या दोन मुलींचे म्हणणे न्यायासनासमोर खरे ठरवण्याची संधी गेली. शाळेत नेमके काय घडत होते, कुणाला काय ठाऊक होते, कोण गप्प बसले, या प्रश्नांवरचे लोकांचे लक्ष उडाले. एका गोळीने पुष्कळांची सुटका केली, आणि त्या पुष्कळांत ती दोन मुले नव्हती.

*

फाशीच्या मागणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपण जेव्हा फाशी मागतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कोण असतो? झुडपात दबा धरून बसलेला, दारू प्यालेला, कुठला तरी परका माणूस. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की पोक्सोखाली नोंदलेल्या बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी हा मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, घरी येणाजाणारा, कुटुंबाचा स्नेही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना तीत प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते. आणि बहुसंख्य मुलांनी ती गोष्ट तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

आता फाशीचा विचार या मुलांच्या जागी बसून करावा. नऊ वर्षांच्या मुलीला सख्ख्या काकाविषयी बोलायचे आहे. तिने तोंड उघडले तर काका फासावर जाणार असे तिला कळले, तर ती बोलेल काय? तिची आजी तिला बोलू देईल काय? काकूचे कुंकू, चुलत भावंडांचे पोट, घराण्याची अब्रू, हे सारे ओझे त्या एवढ्याशा जिभेवर येऊन पडते. मूल गप्प बसते. बोललेच तर घरातली वडील माणसे त्याला गप्प करतात. तेवढ्यानेही भागले नाही तर खटल्यात साक्षीदार उलटतात. शिक्षा जितकी भयंकर, तितके मौन घट्ट. शिवाय गुन्हा करणाऱ्याला जर बलात्कारालाही मृत्यू आणि खुनालाही मृत्यूच असे दिसले, तर एकमेव साक्षीदार असलेल्या त्या मुलाला जिवंत का ठेवावे, असा हिशेब तो करील, ही भीतीही जाणत्यांनी व्यक्त केली आहे. जानेवारी २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही बलात्कारासाठी देहदंडाची शिफारस केली नव्हती.

शिक्षेच्या कठोरपणाचा परिणाम न्यायाधीशाच्या मनावरही होतो. जानेवारी २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात असा निकाल दिला की, आरोपीने तिचे अंग कपड्यांवरून चाचपले, प्रत्यक्ष त्वचेचा स्पर्श झाला नाही, म्हणून पोक्सोमधील लैंगिक हल्ल्याचे कलम लागू होत नाही. शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तितकाच कडक हवा, असा त्यामागचा एक तर्क होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला, ही समाधानाची गोष्ट. पण धडा राहतोच : शिक्षा जड झाली की तिच्यापासून पळण्याच्या वाटाही शोधल्या जातात. इटालियन विचारवंत बेक्कारिया यांनी १७६४ सालीच सांगून ठेवले आहे की, गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, शिक्षा चुकणार नाही ही खात्री.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला आधार देते. पाचव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत संत ऑगस्टिन यांच्या एका धर्मगुरूचा खून झाला आणि दुसऱ्याला जबर जखमी करून त्याचे अवयव तोडण्यात आले. गुन्हेगारांनी कबुलीही दिली. तेव्हा ऑगस्टिन यांनी शासनाधिकारी मार्सेलिनस यांना पत्र लिहून विनवले की, त्यांना शिक्षा अवश्य करा, पुन्हा असे करता येणार नाही अशा स्थितीत ठेवा, परंतु त्यांचा जीव घेऊ नका. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये कॅथलिक श्रद्धाग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलून देहदंड अस्वीकार्य आहे असे स्पष्ट केले, ते याच परंपरेला धरून. तेव्हा 'चौकात फाशी द्या' म्हणताना आपण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीपासून दूर जात आहोत, याची जाणीव आपल्याला असावी.

*

मग दुसरी बाजू बरोबर, असे मानावे काय? तिच्यातले सत्य नाकारण्यासारखे नाही. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पाडव्यापर्यंत चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याच्या हिशेबाने मुकादमाकडून उचल. कंधार, लोहा, मुखेड भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले बरोबर नेली तर फडाच्या कडेला, पालाच्या झोपडीत, जिला दार नाही. मागे ठेवली तर थकलेल्या आजीपाशी. मुलगी वयात आली की आईबापांच्या जिवाला घोर लागतो, आणि तिच्या संरक्षणाचा एकच उपाय त्यांना ठाऊक असतो : लग्न. त्यातून कोयत्याची एक जोडीही होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. मराठवाड्यातील बीड आणि परभणी जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते.

येथे कायदा आणि समाज कसे एकमेकांत अडकतात पाहा. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. तत्त्व म्हणून हा निर्णय योग्य आहे. लग्नाच्या अक्षतांनी बालिका प्रौढ होत नाही. परंतु सोळा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात आली तर डॉक्टरला पोलिसांना कळवणे भाग असते. मग मुलीचा नवरा तुरुंगात जाईल या भयाने घरचे तिला दवाखान्यात आणतच नाहीत. ज्या कायद्याने तिला वाचवायचे, त्याच्याच भीतीने तिचा जीव धोक्यात येतो. कायदा रद्द करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्या मुलीचे लग्न होण्याआधी तिच्यापाशी पोहोचणे हा आहे.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा-बारा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने मरण पावली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चालवलेल्या चळवळीला त्यामुळे धार आली आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. पुण्यात त्या वेळी केवढे वादळ उठले! लोकमान्य टिळकांचे म्हणणे असे की परकी सरकारच्या कायद्याने समाज सुधारत नसतो, लोकशिक्षणाने सुधारतो. आणि मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत असा निर्बंध सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावा. आगरकरांनी 'सुधारका'तून कायद्याची बाजू लढवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरही कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आज मागे वळून पाहता काय दिसते? कायदा झाला नसता तर ती मर्यादा दहावरच राहिली असती. पण कायदा झाल्यावरही घराघरांतली लग्ने पिढ्यान् पिढ्या तशीच चालू राहिली. मुलींना वाचवले ते त्यांच्यासाठी शाळा काढणाऱ्यांनी, आणि रखमाबाईंसारख्या, लहानपणी लादलेले लग्न न्यायालयात नाकारून पुढे डॉक्टर झालेल्या स्त्रियांनी. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, तेव्हा कायदा आधी की समाजसुधारणा आधी, हा वाद त्यांनी मिटवला नाही. दारात आलेल्या मुलीला त्यांनी आत घेतले.

परंतु कारणांची चर्चा करताना एक सावधगिरी बाळगायला हवी. कारणे सांगता सांगता अपराधच नाहीसा होतो. 'समाज दोषी आहे' म्हटले की कुणीच दोषी राहत नाही. दारिद्र्य हे अत्याचाराचे कारण असते, तर पालांत राहणारा प्रत्येक बाप राक्षस झाला असता, तसे नाही. लाखो दरिद्री आईबाप पोटाला चिमटा घेऊन लेकरांना जपतात. आणि अत्याचार करणारे सगळे दरिद्री नसतात. मडगाव येथील फ्रेडी पीट्स अनाथ मुलांचा पालनकर्ता म्हणून प्रतिष्ठेने वावरत होता. १९९१ साली त्याला अटक झाली, तेव्हा मुलांची अत्यंत घृणास्पद छायाचित्रे त्याच्याकडे सापडली, आणि मार्च १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याला ना अन्नाची वाण होती ना शिक्षणाची. त्याच्याकडे होता तो लोकांचा विश्वास, आणि कुणी न विचारणारे आश्रयहीन मुलगे.

दारिद्र्य, स्थलांतर, अनाथपण यांमुळे मुलाच्या घराचे दार उघडे राहते. त्यातून आत शिरणारा मात्र आपल्या इच्छेने शिरतो. उघडे दार ठेवणाऱ्या समाजाला त्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि आत शिरणाऱ्याला त्याचा वेगळा. एकाच्या हिशेबाने दुसऱ्याचा चुकता होत नाही.

*

मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. स्वर्गराज्यात मोठा कोण, असे शिष्य विचारतात. येशू उत्तर देण्याआधी एका मुलाला बोलावतो आणि त्यांच्या मध्यभागी उभे करतो. मग अशा लहानग्याला जो अडखळवील त्याच्याविषयी तो जात्याच्या तळीचे आणि खोल समुद्राचे ते भयंकर वचन बोलतो. आपल्या प्रभूच्या मुखातून आलेल्या अतिकठोर शब्दांपैकी ते आहेत. बालकावरील अत्याचार ही किरकोळ चूक आहे असे म्हणणाऱ्याने ते वाचावेत. मात्र त्या माणसाच्या गळ्यात तळी बांधण्याचे काम येशू शिष्यांकडे सोपवीत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पाठोपाठ हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो : नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाला शोधायला निघालेला मेंढपाळ, आणि लहानग्यांपैकी एकाचाही नाश होऊ नये ही पित्याची इच्छा.

याच अध्यायात पुढे, बंधूने अपराध केल्यास आधी त्याला एकांतात समजावावे आणि अनेकवार क्षमा करावी, असा उपदेश आहे. आणि येथेच आपल्या समाजाकडून मोठी चूक होते. 'घरातली गोष्ट घरात मिटवा', 'चर्चची बदनामी नको', 'तो पस्तावला आहे, त्याने पापनिवेदन केले आहे, क्षमा करा', असे म्हणताना आपण याच वचनांचा आधार घेतो. पण नीट वाचले तर दिसेल की एकांतातला तो संवाद ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्याने सुरू करावयाचा आहे. आठ वर्षांच्या मुलाने अत्याचार करणाऱ्याला एकांतात गाठावे, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल? आणि क्षमेचा अधिकारही ज्याने सोसले त्याचा आहे. मुलाच्या वतीने चुलत्याने, सरपंचाने किंवा धर्मगुरूने क्षमा करून टाकावी, हे त्या अध्यायात कोठेही सांगितलेले नाही. पापनिवेदनाने देवाशी समेट होतो. न्यायालयापुढचे उत्तरदायित्व त्याने संपत नाही. खरा पश्चात्ताप झालेला माणूस त्या उत्तरदायित्वापासून पळणारही नाही.

हे आपल्या स्वतःच्या घराविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर बाकीचे बोलणे पोकळ ठरेल. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने एका कॅथलिक धर्मगुरूला, २०१५ साली तेरा वर्षांच्या मुलावर केलेल्या अत्याचाराबद्दल जन्मठेप सुनावली. ते वाचताना पुष्कळांची मान खाली गेली. काहींनी मात्र बातमी देणाऱ्यांवर राग काढला. पोप फ्रान्सिस यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये याच विषयावर जगभरच्या धर्माध्यक्षांच्या प्रतिनिधींची सभा रोममध्ये बोलावली. मे २०१९ मध्ये अत्याचाराची तक्रार वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरील परमधर्मपीठीय गुप्ततेचे बंधन उठवले. व्हॅटिकनने जे बंधन उठवले, ते आपण आपल्या धर्मग्रामात जपत राहावे काय?

*

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. शिक्षा हवी की कारणांवर उपाय? मला वाटते, दोन्हींचा आरंभ एकाच जागी होतो : मूल जेव्हा पहिल्यांदा बोलते तेव्हा. 'मला त्यांच्याकडे जायचं नाही', एवढेच ते बहुधा म्हणते. त्या क्षणी आई जर म्हणाली, 'गप बस, असं बोलू नये', तर पुढचा कोणताही कायदा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि कोणतीही सुधारणा त्याला वाचवत नाही. आई जर म्हणाली, 'बरं, नको जाऊस, काय झालं ते सांग', तर न्यायही तेथून सुरू होतो आणि प्रतिबंधही. शिष्यांच्या वादात येशूने मुलाला मध्यभागी उभे केले. आपल्या वादात मध्यभागी आरोपी उभा असतो आणि मूल कडेला, आजीच्या पदराला धरून.

ज्याला अत्याचाराची माहिती आहे त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे पोक्सोचे १९ वे कलम सांगते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवले तर वर्षभरापर्यंत कारावास होऊ शकतो. हे पालकांना, शिक्षकांना, धर्मशिक्षण देणाऱ्यांना ठाऊक आहे काय? मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्य तेथे स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा. खटल्यात मुलाला आरोपीसमोर उभे करू नये, पुन्हा पुन्हा बोलावू नये, असे हाच कायदा सांगतो. पोलीस ठाण्याच्या भयाने गप्प बसणाऱ्या कुटुंबाबरोबर धर्मग्रामातील दोन जाणती माणसे गेली आणि या तरतुदींची त्यांनी आठवण करून दिली, तर ती मोठी सेवा होईल. रेल्वेच्या रुळांवर बसण्याइतकी ती डोळ्यांत भरणार नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक चर्चच्या फलकावर, मिस्साच्या वेळापत्रकाशेजारी, लिहून ठेवायला काहीच अडचण नाही.

आणि आपल्या संस्थांचे काय? मराठवाड्यातील आपल्या अनेक कुटुंबांतील पहिली शिकलेली पिढी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढली. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच म्हणतो : जेथे मुले राहतात तेथे विश्वासाबरोबर व्यवस्थाही हवी. कोणत्याही मोठ्या माणसाने बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर राहू नये, मग तो कितीही आदरणीय असो. मुलांना तक्रार सांगता येईल असे एक माणूस संस्थेबाहेरचे असावे. नेमणुकीपूर्वी चौकशी व्हावी. यात कुणाचा अपमान नाही. मंडळीच्या पैशांचा हिशेब आपण दर वर्षी मागतो, तेव्हा खजिनदाराचा अपमान होत नाही. मुले तर पैशांहून मौल्यवान ठेव आहेत.

२०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. आजीच्या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे, आणि अशी वसतिगृहे जेथे होतील तेथे ती सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणे नागरिक म्हणून आपलेही काम आहे. परंतु शासनाच्या योजनेपर्यंत न पोहोचलेली वाडी असतेच, आणि त्या वाडीत संध्याकाळपर्यंत एकटी राहणारी सहा-सात वर्षांची मुलगीही असते.

त्या दिवशी नायगावच्या चौकात आम्ही सारे फाशीविषयी इतक्या मोठ्याने बोलत होतो की आजीने विचारले ते ऐकूनही न ऐकल्यासारखे झाले. तिला तत्त्वज्ञान नको होते. हंगाम संपेपर्यंत, दिवस मावळेपर्यंत, नातीला ठेवण्यासारखी एक जागा तिला हवी होती. 'आमच्यापाशी ठेवा, बाई,' असे तिला सांगता यावे, हे आपल्या धर्मग्रामांपुढील काम आहे. ते सांगण्यापूर्वी आपल्या घराची दारेखिडक्या एकदा तपासून घ्यावी लागतील. ते काम अप्रिय आहे. पण त्याखेरीज हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आपल्याला येणार नाही.